दुर्मिळ फॅक्टरी ऑप्शनची मसल कार घेताना: आकडा, नंबर आणि कागद कसे तपासायचे

साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन मसल कारची (म्हणजे जोरदार, मोठ्या इंजिनाच्या गाडीची) कुठलीही जाहिरात उघडा, "अशा फक्त इतक्याच बनल्या" हे वाक्य पहिल्या दोन ओळींत भेटतंच. कधी तो आकडा अगदी खरा असतो, पण समोरच्या गाडीला लागू होत नाही. कधी गाडी अस्सल असते, पण आकडा भलत्याच गोष्टीचा असतो. नव्या माणसाचे पैसे या दोन फटींतूनच जातात.

मी मिशिगनमध्ये राहतो. डेट्रॉईटच्या आसपास नोव्हाय, ट्रॉय, कँटन भागात गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची मोठी फेरी) झाली की त्यांतल्या कोणाचा तरी फोन येतोच: "एक कॅमॅरो बघितली, मालक म्हणतो खरी झेड/२८ आहे, घेऊ का?" झेड/२८ म्हणजे जनरल मोटर्सच्या शेव्हरले कॅमॅरोची शर्यतीच्या धाटणीची खास आवृत्ती. मी स्वतः १९६९ ची झेड/२८ शोधून, तपासून घेतली आहे, आणि त्या खटाटोपात जे शिकलो ते सगळ्यांना सुटं सुटं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. ऑप्शन जितका दुर्मिळ, तितकी त्याची नक्कल करण्यात कमाई जास्त. म्हणून दुर्मिळ ऑप्शन सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची. "खोटं आहे हे तुम्ही दाखवा" असं कोणी म्हणालं, तर तिथून निघा.

## पायरी १: ऑप्शन कोणत्या वाटेने गाडीत आला ते ओळखा

"फॅक्टरी ऑप्शन" हा शब्द लोक फार सैल वापरतात. प्रत्यक्षात चार वाटा होत्या आणि चारींची किंमत वेगवेगळी आहे.

पहिली सरळ वाट म्हणजे आरपीओ, रेग्युलर प्रॉडक्शन ऑप्शन. जनरल मोटर्सच्या ऑर्डर फॉर्मवर कोड असायचा, ग्राहकाने खूण केली की गाडी तशी बनून यायची. झेड/२८ हे नाव मुळात असाच एक कोड आहे. एल७८ म्हणजे ३७५ हॉर्सपॉवरचं ३९६ (क्युबिक इंचांचं) इंजिन, एल८९ म्हणजे त्याच इंजिनावर अ‍ॅल्युमिनियमची हेड्स, जेएल८ म्हणजे चारही चाकांना डिस्क ब्रेक.

दुसरी कोपो, म्हणजे सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर. ही पद्धत मुळात टॅक्सी आणि पोलिसांच्या ताफ्यांसारख्या खास मागण्यांसाठी होती. जनरल मोटर्सच्या नियमाप्रमाणे कॅमॅरोत ४०० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसत नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गच्या डॉन येन्कोसारख्या डीलरांनी ही मागची वाट वापरून १९६९ च्या कॅमॅरोत ४२७ इंजिन फॅक्टरीतूनच बसवून घेतलं. कोपो ९५६१ म्हणजे लोखंडी ब्लॉकचं ४२७, आणि कोपो ९५६० म्हणजे संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं झेडएल१. झेडएल१ कॅमॅरो एकूण ६९ बनल्या.

तिसरी वाट डीलरची. गाडी फॅक्टरीतून एका इंजिनाने निघाली आणि डीलरच्या गॅरेजात दुसरं इंजिन बसलं. शिकागोची निकी शेव्हरले, लाँग आयलंडची बाल्डविन-मोशन यांच्या अशा गाड्यांना आज मोठा मान आहे, पण त्या फॅक्टरी गाड्या नव्हेत आणि त्यांचा पुरावा फॅक्टरीच्या कागदात शोधून मिळणार नाही. तो डीलरच्या बिलातच सापडतो.

चौथी वाट म्हणजे पार्ट्स काउंटर. १९६९ च्या झेड/२८ वर दिसणारा दोन कार्ब्युरेटरांचा क्रॉस-रॅम मॅनिफोल्ड हे ठळक उदाहरण. तो काउंटरवरून विकत मिळायचा, असेंब्ली लाइनवर बसत नव्हता. "फॅक्टरी क्रॉस-रॅम" असं जाहिरातीत लिहिलेलं असेल, तर विकणाऱ्याला एक तर माहिती नाही किंवा तुम्हाला नाही असं तो धरून चाललाय.

## पायरी २: तो ऑप्शन कमी का विकला गेला, ते समजून घ्या

ही पायरी लोक गाळतात, आणि मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. कारण कळलं की त्या ऑप्शनबरोबर काय येणं शक्यच नव्हतं हेही कळतं, आणि नकली गाडी तिथेच पकडली जाते.

१९६७ च्या कॉर्व्हेटचं एल८८ इंजिन घ्या. कागदावर ४३० हॉर्सपॉवर, म्हणजे त्याच वर्षीच्या तीन कार्ब्युरेटरवाल्या एल७१ पेक्षा पाच कमी. खरी ताकद ५०० च्या वर होती. हा आकडा मुद्दाम खाली ठेवला होता, कारण हे रेसिंगचं इंजिन होतं आणि हौशी गिऱ्हाइकाने ते घेऊ नये अशीच कंपनीची इच्छा होती. त्याबरोबर रेडिओ मिळत नव्हता, हीटरही नाही, आणि त्याला रेसिंगचं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागायचं. ऑप्शनची किंमत ९४७ डॉलर ९० सेंट. त्या वर्षी २० गाड्या विकल्या गेल्या, १९६८ मध्ये ८० आणि १९६९ मध्ये ११६. आता १९६७ ची एल८८ म्हणून दाखवलेल्या गाडीत मूळचा फॅक्टरी रेडिओ असेल, तर पुढचं काही विचारायची गरज उरत नाही.

क्रायस्लरच्या ४२६ हेमी इंजिनाला पैशाने आणि विम्याने मारलं. १९७० च्या प्लिमथ कुडावर (प्लिमथ हा क्रायस्लरचाच ब्रँड) हा ऑप्शन ८७१ डॉलरचा होता, आणि तरुण मुलाने अशी गाडी घेतली की विम्याचा हप्ता वेगळा बसायचा. हेमीबरोबर एसी मिळत नव्हता. १९७१ नंतर हेमी बंदच झालं. त्या शेवटच्या वर्षी हेमी कुडा कन्व्हर्टिबल फक्त ११ बनल्या.

झेडएल१ ची गोष्ट तर डीलरांच्या डोक्यावर आदळलेल्या बिलाची आहे. इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावातल्या फ्रेड गिब यांनी ५० गाड्यांची ऑर्डर दिली. बिल आलं तेव्हा एकट्या इंजिनाचेच ४,००० डॉलरच्या वर होते, म्हणजे साध्या अख्ख्या कॅमॅरोपेक्षा जास्त. गावात त्या खपेनात. बऱ्याचशा शेव्हरलेने परत घेऊन दुसऱ्या डीलरांकडे पाठवल्या. त्यामुळे झेडएल१ चा मूळ डीलर एक आणि विकणारा डीलर दुसराच, असं कागदावर दिसलं तर दचकू नका. बाकी गाड्यांत संशयाची असणारी गोष्ट इथे खरेपणाशी जुळते.

काही गाड्या शर्यतीच्या नियमामुळे मोजक्या बनल्या. नॅसकारमध्ये इंजिन चालवायचं तर किमान ५०० गाड्या लोकांना विकायला हव्यात, म्हणून फोर्डने १९६९ आणि १९७० मध्ये बॉस ४२९ मस्टँग काढली. ते मोठं इंजिन मस्टँगच्या नाकात मावेना, म्हणून गाड्या मिशिगनमधल्या ब्रायटनच्या कार क्राफ्टकडे बदल करायला जायच्या. प्रत्येकीच्या ड्रायव्हरच्या दारावर 'केके' नंबरचं स्टिकर लागायचं. झेड/२८ सुद्धा ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीसाठीच जन्माला आली: इंजिनाची मर्यादा ३०५ क्युबिक इंच, म्हणून हिचं ३०२. पहिल्या वर्षी, १९६७ मध्ये, ६०२ बनल्या.

## पायरी ३: आकडा नेमका कशाचा आहे ते विचारा

"फक्त ४,४७५ बनल्या" असं १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ एलएस६ बद्दल म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण हा आकडा इंजिनाच्या ऑप्शनचा आहे. त्यात कूपे आल्या, कन्व्हर्टिबल आल्या, एल कमिनो पिकअपही आल्या. कोणत्या बॉडीच्या किती, हे शेव्हरलेने वेगळं मोजून ठेवलं नाही. म्हणून "एलएस६ कन्व्हर्टिबल नक्की इतक्याच" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला आकडा कुठून आणला ते विचारा.

१९६९ च्या कॅमॅरोचंही तसंच. जेएल८ ब्रेकच्या २०६ गाड्या, एल८९ हेड्सच्या ३११, हे ऑप्शनचे एकूण आकडे आहेत. दोन ऑप्शन एकत्र किती गाड्यांवर होते, हे त्यावरून काढता येत नाही. विकणारे काय करतात, एकाची टक्केवारी घेतात, दुसऱ्याची घेतात, गुणाकार करतात आणि "अशी ही एकच" म्हणून मोकळे होतात. हा हिशोब चुकीचाच आहे, कारण ऑप्शन एकमेकांना धरून यायचे. ज्याने सगळ्यात जोरदार इंजिन घेतलं, त्यानेच मजबूत गिअरबॉक्स आणि खालच्या रेशोचं एक्सलही घेतलं.

फोर्डची गोष्ट वेगळी. १९६७ पासूनची त्यांची नोंद टिकली आहे आणि मार्टी ऑटो वर्क्स त्यातून तुमच्या गाडीचा अहवाल काढून देते. तिथे ऑप्शनांच्या जोड्या मोजता येतात. पण सापळा तिथेही आहे. रंग, आतलं कापड, एक्सल, रेडिओ, पट्ट्याचा रंग असं सगळं जोडत गेलात तर साधी सहा सिलिंडरची मस्टँगसुद्धा "एकमेव" ठरते. माझा नियम असा: इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी, या तीन गोष्टींवर थांबल्यावर आकडा लहान राहतो का ते बघायचं. त्यापुढची भर ही जाहिरात आहे.

शिवाय बनल्या किती, उरल्या किती, आणि क्लबच्या यादीत नोंदल्या किती हे तीन वेगळे आकडे आहेत. अमेरिकेसाठी किती आणि कॅनडा किंवा इतर देशांसाठी किती, हेही बघावं लागतं.

दुर्मिळ म्हणजे महाग असंही नाही. एएमसीची १९७० ची रेबेल मशीन २,३२६ बनल्या, म्हणजे एलएस६ शेव्हेलच्या जवळपास निम्म्या. भावात मात्र शेव्हेल कितीतरी पुढे आहे, कारण तिच्यामागे लागलेली माणसं जास्त आहेत. मला रेबेल मशीन मनापासून आवडते. पण ती घ्यायची तर चालवायला घ्या, आकड्याच्या भरवशावर नको.

## बघायला जाताना सोबत काय न्यायचं

- छोटा झगझगीत टॉर्च, शक्यतो तिरका धरता येणारा
- लांबवता येणाऱ्या दांड्याचा आरसा
- ब्रेक क्लीनरचा कॅन, जुनी फडकी, मऊ ब्रश (तारेचा ब्रश नाही, सँडपेपर तर अजिबात नाही)
- फडक्यात गुंडाळलेलं लहान चुंबक, पत्र्याखालची पुट्टी शोधायला
- त्या वर्षाच्या कोडांची यादी छापून. गॅरेजात फोनला रेंज नसते
- फोन पूर्ण चार्ज केलेला, कारण प्रत्येक नंबरचा फोटो काढायचा आहे

## पायरी ४: व्हीआयएन वाचा, पण त्याला काय माहीत असतं ते ओळखून

व्हीआयएन म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. १९६८ पासून त्याची पट्टी पुढच्या काचेतून डॅशबोर्डवर दिसते. पण ती किती सांगते, हे कंपनीवर अवलंबून आहे.

क्रायस्लर सगळ्यात मोकळी. १९७० च्या कुडाचा नंबर 'बीएस२३आर०बी' असा सुरू झाला, तर 'आर' म्हणजे ४२६ हेमी, शून्य म्हणजे १९७०, शेवटचा 'बी' म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. '२३' हार्डटॉप, '२७' कन्व्हर्टिबल. 'आर' च्या जागी 'व्ही' असेल तर ४४० ला तीन कार्ब्युरेटर. त्या जागी दुसरंच अक्षर असेल, तर आज बोनेटखाली हेमी असो की काहीही, गाडी हेमी म्हणून जन्मली नाही.

फोर्डमध्येही पाचवं अक्षर इंजिनाचं. १९६९-७० च्या मस्टँगमध्ये 'झेड' म्हणजे बॉस ४२९, 'जी' म्हणजे बॉस ३०२, 'आर' म्हणजे रॅम एअरवालं (बोनेटमधून बाहेरची हवा घेणारं) ४२८ कोब्रा जेट.

पाँटिअ‍ॅकमध्ये १९६६ ते १९७१ पर्यंत जीटीओ या मसल मॉडेलचा नंबर २४२ ने सुरू होतो. १९६४-६५ ची जीटीओ मात्र ऑप्शन होती, तिला हा नियम लागत नाही. आणि 'जज' हे जीटीओवरचं पॅकेजही ऑप्शनच. १९६९ मध्ये जज कन्व्हर्टिबल १०८ बनल्या, पण व्हीआयएन जजबद्दल मौन पाळतो.

शेव्हरले सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात जास्त नकली गाड्याही त्यांच्याच. १९६९ च्या कॅमॅरोचा '१२४३७९एन' हा नंबर एवढंच सांगतो: शेव्हरले, व्ही८ कॅमॅरो, कूपे, १९६९, नॉरवूडचा कारखाना. साधं ३०७ इंजिन असो की झेडएल१, नंबर तोच. तरीही गाळणी म्हणून तो कामाचा आहे. '१२३' असेल तर सहा सिलिंडर, '६७' असेल तर कन्व्हर्टिबल, आणि यांपैकी कोणतीही १९६९ ची झेड/२८ असू शकत नाही. शेव्हेलमध्ये १९६६ ते ६८ च्या एसएस ३९६ चा नंबर १३८ ने सुरू होतो, १९६९ पासून एसएस ऑप्शन झाला आणि ही खूण गेली. जनरल मोटर्सच्या नंबरात इंजिनाचं अक्षर थेट १९७२ पासून आलं.

पट्टी वाचून झाली की तिचे रिव्हेट बघा. त्या काळच्या शेव्हरलेवर फुलासारख्या पाकळ्यांचे असायचे. साधे गोल रिव्हेट, गोंदाचा ओघळ, ओरखडे दिसले तर हात आखडता घ्या. व्हीआयएनची पट्टी काढणं किंवा बदलणं अमेरिकेत केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. अशी गाडी पोलीस जप्त करू शकतात आणि तुमचे पैसे बुडतात. बॉडीवर लपवून ठोकलेले अर्धे नंबरही असतात. १९६९ च्या कॅमॅरोत काचेखालच्या जाळीचं पॅनेल काढलं की फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर) एक दिसतो. मालक पॅनेल काढू देत नसेल तर कारण विचारा.

## पायरी ५: टॅग

टॅग म्हणजे कारखान्याने कोड ठोकून लावलेली धातूची पट्टी. क्रायस्लरचा फेंडर टॅग बोनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूला असतो आणि तो खालून वर वाचायचा. ई७४ म्हणजे हेमी, ई८७ म्हणजे तीन कार्ब्युरेटरचं ४४०, डी२१ म्हणजे चार गिअर, एन९६ म्हणजे बोनेटमधून वर आलेला शेकर (इंजिनाला हवा देणारा भाग). टॅगवरचा व्हीआयएन डॅशबोर्डशी ताडून बघा. नवे टॅग बनवून मिळतात, म्हणून एकट्या टॅगवर निर्णय नको.

नॉरवूडला बनलेल्या १९६९ च्या कॅमॅरोवर डिसेंबर १९६८ च्या सुमारापासून फायरवॉलच्या टॅगवर 'एक्स' कोड येऊ लागला. एक्स३३ किंवा एक्स७७ म्हणजे झेड/२८. व्हॅन नायसच्या कारखान्याने हे कोड टाकलेच नाहीत. त्यामुळे कॅलिफोर्नियात बनलेल्या गाडीवर एक्स७७ दिसला तर तो शुभशकुन नव्हे, उलटा आहे. कोपो गाड्यांवर बहुतेक एक्स११ किंवा एक्स४४ दिसतो, म्हणजे टॅग बघून त्या साध्याच वाटतात.

## पायरी ६: इंजिनाचा पॅड, इथे घाई नको

शेव्हरलेच्या इंजिनावर प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या पुढे एक सपाट जागा असते. १९६९ मध्ये ती अल्टरनेटरच्या मागे दडलेली असते. ब्रेक क्लीनर मारा, फडक्याने पुसा, टॉर्च अगदी आडवा धरा.

दोन गोष्टी वाचायच्या. पहिली असेंब्लीचा शिक्का, समजा 'व्ही०३१५डीझेड'. 'व्ही' म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०३१५ म्हणजे १५ मार्च, 'डीझेड' म्हणजे १९६९ चं झेड/२८ इंजिन. दुसरी, गाडीच्या व्हीआयएनचे शेवटचे आकडे, '१९एन५…' अशा सुरुवातीचे. १९६९ मध्ये हा दुसरा शिक्का कधीकधी पॅडवर नसून ऑइल फिल्टरच्या जवळ असतो, तेव्हा तिथेही आरसा घालून बघा.

आता अक्षरांकडून नजर काढून अक्षरांखालच्या पृष्ठभागाकडे वळवा. कारखान्यात ब्लॉकचा वरचा भाग मोठ्या ब्रोचिंग मशिनने एकाच फटक्यात कापला जायचा. त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक, समांतर रेघा उमटतात. तिरक्या उजेडात त्या दिसतात आणि नखाला हलक्या लागतात. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असेल किंवा गोलगोल वळं दिसत असतील, तर कोणीतरी तो घासलाय. एखाद्याने इंजिन उघडून प्रामाणिकपणे डेक (ब्लॉकचा, हेड बसतो तो वरचा पृष्ठभाग) सपाट केला असेल तरी असं होतं. पण त्याच घासलेल्या पॅडवर तुमच्या गाडीचा नंबर लख्ख, ताजा, एकसारख्या खोलीचा उमटलेला असेल, तर तो नंतर ठोकलाय. अस्सल शिक्के हाताने मारलेले असायचे: एखादा आकडा खोल, एखादा तिरका, कधी रांग जरा चुकलेली.

मग ब्लॉकच्या मागच्या बाजूची ओतीव तारीख शोधा. 'सी ५ ९' म्हणजे मार्चची पाच, १९६९. 'ए' जानेवारी, 'बी' फेब्रुवारी असं पुढे मोजायचं. क्रम असा बसला पाहिजे: ब्लॉक ओतला ५ मार्चला, इंजिन जुळलं १५ मार्चला, आणि टॅगवर बॉडी '०३डी', म्हणजे मार्चचा चौथा आठवडा. ओतीव तारीख गाडी बनल्यानंतरची असेल तर ते इंजिन त्या गाडीचं नाही. बरेच महिने आधीची असेल तरी खुलासा मागा.

"नंबर मॅचिंग" हे ऐकून लगेच समाधान मानू नका. काही जण त्याचा अर्थ "कास्टिंग नंबर (ब्लॉक ओतताना उमटलेला नंबर) त्या वर्षीचा" एवढाच घेतात. मूळ इंजिन म्हणजे व्हीआयएनचा शिक्का असलेलं इंजिन. तारखा जुळणारं पण दुसऱ्या गाडीचं इंजिन हा वेगळा माल आहे आणि त्याचा भावही वेगळा लागतो. तसं स्पष्ट सांगून विकलेली गाडी घ्यायला काहीच हरकत नाही.

## पायरी ७: गिअरबॉक्स, एक्सल, ब्रेक

इथे फार वेळ घालवू नका. या गोष्टी बदलणं सोपं असतं, म्हणून त्यांचा पुरावाही हलका. मन्सीच्या चार गिअरच्या बॉक्सवर 'पी९सी१५बी' असा शिक्का असतो: १९६९, मार्च १५, 'बी' म्हणजे एम२१, 'सी' म्हणजे एम२२ (हे मन्सीच्या बॉक्सचे प्रकार). शेजारी व्हीआयएनचे आकडेही हवेत. एक्सलच्या नळीवरचा कोड आणि तारीख टिपा.

पण एक तपासणी फुकट आणि पक्की आहे. १९६९ ची झेड/२८ फक्त चार गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळायची, आणि तिला एसी मिळत नव्हता. ऑटोमॅटिक किंवा फॅक्टरी एसीच्या खुणा, म्हणजे फायरवॉलमधलं मोठं भोक किंवा डॅशमधल्या जास्तीच्या जाळ्या दिसल्या, तर ही गाडी झेड/२८ नव्हती.

एल८९ ची हेड्स आणि जेएल८ चे ब्रेक दोन्ही सुटे मिळतात आणि नंतर बसवता येतात. कागद नसेल तर त्यांचे सुट्या भागांचे पैसे द्या, ऑप्शनचे नव्हे.

## पायरी ८: कागद मिळवा, आणि मिळवता येतील ते स्वतः मागवा

- पाँटिअ‍ॅक: पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस (पीएचएस) मूळ बिलाच्या नोंदीची प्रत देते. जज किंवा रॅम एअर यांचा वाद इथेच मिटतो.
- फोर्ड: १९६७ पासून मार्टी अहवाल.
- कॅनडात विकलेल्या जीएमच्या गाड्या: जीएम कॅनडाकडे नोंदी आहेत. सीमेपलीकडून आलेली शेव्हरले म्हणूनच जास्त निर्धास्तपणे घेता येते.
- अमेरिकेत विकलेल्या शेव्हरले: कोणत्या गाडीवर कोणते ऑप्शन, याची कंपनीकडची नोंद उपलब्ध नाही. बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं हे लिहिलेला कारखान्यातला कागद), खिडकीवरचं किमतीचं स्टिकर, डीलरचं बिल आणि प्रोटेक्ट-ओ-प्लेट म्हणजे वॉरंटी पुस्तकातली धातूची पट्टी, हेच पुरावे. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी शेव्हरलेच्या बऱ्याच गाड्यांसाठी बनल्याची तारीख आणि पहिला डीलर सांगते, ऑप्शन नाही.
- क्रायस्लर: ब्रॉडकास्ट शीट (क्रायस्लरची बिल्ड शीट) आणि फेंडर टॅग.

जे कागद तुम्हाला स्वतः मागवता येतात, ते मालकाने दाखवलेल्या झेरॉक्सवर सोडू नका. व्हीआयएन घ्या, पैसे भरा, आपल्या पत्त्यावर मागवा.

बिल्ड शीट मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, गालिच्याखाली किंवा पेट्रोलच्या टाकीवर सापडते. कॉर्व्हेटमध्ये १९६७ पासून ती टाकीवर चिकटवलेली असे. पण कामगार घाईत एका गाडीची शीट दुसरीत टाकायचे. म्हणून सापडलेल्या शीटवर तुमचाच व्हीआयएन आहे का, हे आधी बघा. दुसऱ्या गाडीची अस्सल शीटही तुमच्या गाडीचं काहीच सिद्ध करत नाही. जुन्यासारखे दिसणारे नवे कागद छापणारेही आहेत: घड्यांवर शाई तुटलेली नाही, डाग दोन्ही बाजूंना जुळत नाहीत, प्रोटेक्ट-ओ-प्लेटवरचे आकडे इंजिनाच्या पॅडशी एकाच माणसाने एकाच दिवशी केल्यासारखे वाटतात, असं काही दिसलं तर थांबा.

## पायरी ९: भाव ठरवणं आणि ताब्यात घेणं

२०१४ च्या जानेवारीत स्कॉट्सडेलच्या लिलावात १९६७ ची एल८८ कूपे ३८.५ लाख डॉलरला गेली, त्याच वर्षी सिएटलला १९७१ ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाखांना. ते आकडे बघून आपल्या गाडीचा भाव काढू नका. त्या गाड्यांमागे पुराव्यांची अख्खी साखळी होती. मी भाव असा बांधतो: आधी ऑप्शन नसता तर गाडी कितीची, मग मूळ इंजिनाचे किती, मग कागदाचे किती. कागद "घरी कुठेतरी आहेत" असतील तर त्यांचे शून्य.

सौदा मोठा असेल तर त्या विशिष्ट मॉडेलचा जाणकार पैसे देऊन न्या. सर्वसाधारण मेकॅनिकला इंजिन कळतं, शिक्के कळतीलच असं नाही. नोव्हेंबरमध्ये शिकागोजवळ रोझमाँटला मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स भरतं. खरेदीच्या आधी तिथे जाऊन अस्सल पॅड, अस्सल टॅग डोळ्यांनी बघून या. फोटो शंभर बघितले तरी ती नजर येत नाही.

पैसे देण्याआधी टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) व्हीआयएन डॅशबोर्डशी एकेक अक्षर लावून बघा. टायटल विकणाऱ्याच्याच नावावर हवं आणि त्यावर कर्जाचा बोजा नको. विक्रीच्या करारात "मूळ झेड/२८, मूळ इंजिन" असं जे तोंडी सांगितलंय ते लिहून सही घ्या. जो लिहून द्यायला कचरतो, त्याला त्याच्या गाडीबद्दल काहीतरी माहीत आहे. विमा ठरवलेल्या किमतीचा काढा, आणि मूळ कागद गाडीत न ठेवता बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

इंजिन कधी उघडायची वेळ आलीच, तर ब्लॉक मशीन शॉपला देण्याआधी पॅडचे जवळून फोटो काढा, आणि "पॅडला हात लावायचा नाही" हे कामाच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. डेक सपाट करताना पॅडही सपाट होतो, आणि अस्सल गाडीचा शिक्का अशा साध्या, नेहमीच्या कामात कायमचा जातो. डेक कापल्याशिवाय गत्यंतर नसेल, तर आधीचे फोटो, शॉपचं बिल आणि तारीख एकत्र ठेवा. पुढच्या खरेदीदाराला तोच पुरावा दाखवावा लागेल.